डाव्या भकाळीवरचं झाकण

पशुआहारावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या गोठ्यात एखादी तरी गाय किंवा म्हैस अशी असते, की पाहुणे तिच्यापाशीच घोटाळतात. तिच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्या संपून कमरेचं हाड सुरू होईपर्यंतच्या खोलगट जागी, चहाच्या बशीएवढं रबरी झाकण बसवलेलं असतं. गाय आपली रवंथ करत उभी. कोणीतरी खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, झाकण काढतो आणि हात सरळ तिच्या कोठीपोटात घालतो. आतून उबदार, आंबूस वास येतो. हात बाहेर येतो तो दोरीला बांधलेल्या नायलॉनच्या छोट्या पिशव्या घेऊन. प्रत्येक पिशवीत मोजून भरलेला चारा असतो. कोणती सहा तासांनी काढायची, कोणती बारा, कोणती अठ्ठेचाळीस, हे आधी ठरलेलं. पिशवी धुवायची, वाळवायची, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढा चारा पचला. शेतकऱ्याने कडब्यावर युरियाची प्रक्रिया केली तर तो खरंच जास्त पचतो का, याचं उत्तर शेवटी या झाकणातून बाहेर येतं. अमेरिकेत नॉर्थ डाकोटातल्या संशोधकांनी १९२०च्या दशकात गाईच्या पोटात अशी खिडकी पाडून आत काय चालतं ते पाहिलं. पुढे जगभरच्या पशुपोषण विभागांत ही रीत रुळली.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाळबोध प्रश्न विचारला होता, हिला दुखत नाही का? साहेब काही सांगणार एवढ्यात गोठ्यातले मामा म्हणाले, "आता नाय दुखत. पण माश्यांच्या दिवसांत दोनदा पुसावं लागतं, नायतर किडे पडतात." त्या एका वाक्यात किती गोष्टी होत्या हे कळायला मला बरीच वर्षं लागली. शस्त्रक्रिया कोणी केली, भूल दिली होती का, परवानगी कुणाची, हे सगळं कागदावर असतं. माश्यांच्या दिवसांत दोनदा पुसणं कागदावर असतंच असं नाही. आणि त्या गाईचं आयुष्य बरं की वाईट हे बरंचसं त्या पुसण्यावर ठरतं.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे आणि तो पहिल्याइतका साधा नाही. ही गाय गोठ्यातली की प्रयोगशाळेतली?

अमेरिकेत या प्रश्नाला फार काळ एक विचित्र उत्तर मिळत आलं. तिथला प्रयोगप्राण्यांचा कायदा १९६६ सालचा. त्याचा उगम गोठ्यात नाही, घरात आहे. १९६५मध्ये पेन्सिल्व्हेनियातून पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली आणि न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मेली. पुढच्या वर्षी 'लाइफ' मासिकाने कुत्र्यांच्या दलालांकडची भीषण छायाचित्रं छापली. लोक खवळले आणि काही महिन्यांत कायदा झाला. कुत्री, मांजरं, माकडं, ससे, गिनीपिग, हॅमस्टर यांच्यासाठी. १९७०मध्ये तो सुधारून इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांपर्यंत नेला खरा, पण त्याच वेळी एक दार मोकळं ठेवलं. अन्न किंवा लोकर यांसाठी पाळलेली जनावरं, आणि पोषण, पैदास, व्यवस्थापन, उत्पादनक्षमता सुधारण्यासाठी वापरलेली जनावरं या कायद्यातून वगळली.

परिणाम असा, की एकाच विद्यापीठात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन मेंढ्या असू शकतात. एकीच्या हृदयात माणसासाठी बनवलेली कृत्रिम झडप तपासली जातेय. तिच्यासाठी कायदा, तपासनीस, समिती सगळं आहे. दुसरीची लोकर वाढावी म्हणून तिच्या आहारात फेरफार चाललाय. तिच्यासाठी कायदा गप्प. दुखणं दोघींना सारखंच कळतं, फरक फक्त प्रयोगाच्या हेतूत आहे. कायदा करणाऱ्यांचा विचार असा असावा, की शेतकरी आपल्या गोठ्यात जे रोज करतो त्यावर पहारा कशाला. हा विचार अगदीच चुकीचा नाही. पण शेतकऱ्याच्या दावणीला पाच-पन्नास जनावरं असतात आणि एखादी गोष्ट बिनसली तर त्याच्या खिशाला लगेच झळ लागते. सरकारी संशोधन केंद्राला अशी झळ लागत नाही.

हे नेब्रास्कात दिसलं. तिथे क्ले सेंटर या गावाजवळ अमेरिकन सरकारचं मांसाच्या जनावरांवर संशोधन करणारं केंद्र आहे, १९६४मध्ये स्थापन झालेलं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा दारूगोळा जिथे साठवला जाई त्या जागेवर, सुमारे ३५,००० एकरांत. कुरणात अजूनही मातीने झाकलेली जुनी कोठारं दिसतात आणि त्यांच्या मधून गाई चरत असतात. या केंद्राने गाईबैलांच्या जातींची तुलना, मांसाची प्रत, पैदाशीची गणितं यांवर जे काम केलं ते जगभरच्या पशुपालकांनी वापरलं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

जानेवारी २०१५मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या केंद्रावर मोठा लेख छापला. त्यात तिथे बरीच वर्षं काम केलेल्या एका पशुवैद्यक शास्त्रज्ञाने सांगितलेल्या गोष्टी होत्या, आणि केंद्राच्याच नोंदींतले आकडे होते. दोन प्रयोगांचं वर्णन लक्षात राहण्याजोगं आहे.

पहिला जुळ्यांचा. गाय साधारणपणे एका वेळी एकच वासरू देते. शंभर वितांत जुळी दोन-चार वेळा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे जुळी देणाऱ्या गाईंची निवडून निवडून पैदास केली, आणि पुढे त्या कळपात जुळं ही नवलाई राहिली नाही. गणित सरळ होतं, एका गाईच्या खाद्यात दोन वासरं. पण गाईचं गर्भाशय या हिशोबाला तयार नसतं. वासरं आत एकमेकांत अडकतात, विणं अवघड होतं, जन्मलेली वासरं अशक्त निघतात. शिवाय नर-मादी जुळं असेल तर दोघांचं रक्त गर्भातच एकमेकांत मिसळतं आणि ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. आपल्याकडच्या जुन्या गवळ्यांनाही हे ठाऊक असतं, जुळ्यातल्या कालवडीला घेताना ते दहादा विचार करतात.

दुसरा प्रयोग बिनकष्टाच्या मेंढ्यांचा. शेड नको, मदतनीस नको, मेंढीने उघड्या कुरणात आपली आपण विऊन पिलू सांभाळावं, अशी जात तयार करायची. आईपण ज्यांना जमतं त्यांची वंशावळ पुढे न्यायची. तत्त्वाला नावं ठेवता येणार नाहीत, डोंगराळ भागातल्या मेंढ्या हेच करतात. पण ज्यांना जमत नाही त्यांच्या कोकरांचं काय? त्या वृत्तानुसार ती गारठ्याने, उपासमारीने, कायोटीच्या तोंडी पडून मरत होती आणि कामावरची माणसं ते रोज पाहत होती. कोकराला उचलून उबेत ठेवलं तर प्रयोगाचा निकाल बिघडणार. उचललं नाही तर डोळ्यांसमोर जीव जाणार.

इथे मला एकच विचारावंसं वाटतं, थांबवायचं कोणी? पाच टक्के कोकरं मेली तर ठीक, पंधरा मेली तर? कोणत्या आकड्यावर म्हणायचं की पुरे, तत्त्व कळलं, आता शेड बांधा? हा आकडा प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर असायला हवा आणि तो ओलांडला गेला की थांबा म्हणण्याचा अधिकार अशा माणसाकडे हवा, ज्याचं नाव पुढच्या शोधनिबंधावर येणार नाही. प्रयोग ज्याचा आहे त्याच्याकडून ही अपेक्षा करणं माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. आणखी एक हंगाम पाहू, हे त्याचं उत्तर ठरलेलं.

लेख आल्यावर कृषिखात्याने तिथले नवे प्रयोग थांबवले आणि बाहेरच्या तज्ज्ञांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अहवाल मला लेखाइतकाच बोलका वाटतो. पाहणीच्या वेळी जनावरांना वाईट वागवलं जात असल्याचं त्यांना आढळलं नाही. मात्र प्राण्यांच्या काळजीवर देखरेख ठेवणारी संस्थेची समिती आपलं काम नीट करत नाही, असं त्यांनी नोंदवलं. माणसं दुष्ट नव्हती. विचारणारं कोणी नव्हतं. त्या वर्षी अमेरिकन संसदेत ती जुनी सूट काढून टाकण्याचं विधेयकही आलं. ते मंजूर झालं नाही, पण कृषिखात्याच्या स्वतःच्या संशोधन केंद्रांच्या तपासण्या मात्र त्यानंतर सुरू झाल्या.

ही समिती म्हणजे काय, ते सांगायला हवं. अमेरिकेत १९८५च्या दुरुस्तीनंतर प्रयोगशाळांना अशी समिती सक्तीची झाली. कमीत कमी तीन सभासद, त्यांत एक पशुवैद्यक आणि एक संस्थेशी काहीही संबंध नसलेला माणूस. दर सहा महिन्यांनी प्राण्यांच्या जागा स्वतः जाऊन पाहायच्या. बाहेरचा माणूस म्हणजे कधी शिक्षक, कधी वकील, कधी धर्मोपदेशक. शास्त्रज्ञांच्या कपाळाला त्याच्यामुळे आठ्या पडतात, कारण त्याला काही ठाऊक नसतं. पण तोच तर त्याचा उपयोग आहे. "चार दिवस उपाशी ठेवणार म्हणजे नेमकं का?" हे पोषणशास्त्राचा प्राध्यापक दुसऱ्या पोषणशास्त्राच्या प्राध्यापकाला विचारत नाही. आपण सगळेच असं करतो, असं म्हणून दोघं पुढच्या पानावर जातात.

शेतीच्या जनावरांसाठी कायद्यात जागा नव्हती म्हणून तिथल्या पशुशास्त्रज्ञांनी १९८८मध्ये स्वतःच एक मार्गदर्शिका काढली. 'अ‍ॅग गाइड' म्हणून ती ओळखली जाते आणि २०२०मध्ये तिची चौथी आवृत्ती निघाली. तिच्यातला मला आवडलेला विचार असा. उंदराच्या पिंजऱ्याचं माप चौरस सेंटिमीटरमध्ये ठरवता येतं. गाईसाठी नुसतं माप पुरत नाही, कारण तोच गाळा चिखलाचा असेल तर वाईट आणि भुसा अंथरलेला असेल तर चांगला. मग जागा मोजण्याबरोबर गाईकडेच पाहावं. गाय दिवसाचे दहा-बारा तास बसते. ती उठताना आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी डोकं पुढे झोकते. पुढे जागा नसेल तर ती कुत्र्यासारखी पुढून उठायला लागते किंवा बसणंच टाळते, गुडघे सोलवटतात. बसण्याचे तास कमी झाले, घोट्यांवर जखमा दिसल्या, तर कागदावर माप बरोबर असूनही जागा चुकली.

आता ही कसोटी पचनाच्या प्रयोगाला लावून पाहा. तिथे जनावराला आठवडाभर अरुंद खोड्यात बांधतात, म्हणजे काय खाल्लं आणि शेणमूत्रातून काय गेलं ते तोळामासा मोजता येतं. त्याआधी दोन-तीन आठवडे त्याच खाद्याची सवय करावी लागते. जाणता संशोधक त्या दिवसांत जनावराला खोड्याचीही सवय करतो, शेजारी दुसरं जनावर दिसेल असं बांधतो. गाय एकटी पडली की बिथरते, खात नाही, आणि न खाणाऱ्या गाईवरून काढलेले पचनाचे आकडे कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचे. प्राण्याची सोय आणि विज्ञानाची सोय नेहमी एकमेकींच्या आड येतात हा समज म्हणूनच अर्धवट आहे. पुष्कळदा त्या एकाच बाजूला असतात.

आपल्याकडचा कायदा अमेरिकेच्या आधीचा आहे आणि या बाबतीत जास्त उदारही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत १९५३मध्ये खाजगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा करील असं आश्वासन नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६०मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. गाय, उंदीर, कोंबडी, सगळे त्यात. अमेरिकेच्या कायद्यात प्रयोगशाळेतले उंदीर आजही नाहीत, हे वाचून आपल्याला हसू येईल. त्याच अधिनियमात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची तरतूद आहे. ती बराच काळ सुस्त होती. १९९८मध्ये नियम आले तशी ती जागी झाली आणि प्रत्येक संस्थेत प्राणी-नैतिकता समिती बंधनकारक झाली. तिच्यात पशुवैद्यक, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला एक सुजाण नागरिक आणि केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असावा लागतो. उंदीर-सशांचे प्रस्ताव संस्थेतच मंजूर होतात. गाय, म्हैस, घोडा, मेंढी यांचे वर केंद्राकडे जातात.

अधिनियमाच्या १७व्या कलमात एक वाक्य आहे, त्यावर मी अनेकदा अडखळलो. छोट्या प्राण्यांवर, म्हणजे गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर यांच्यावर, तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. माणसाच्या औषधासाठी हे ठीक. पण कडबा कसा पचतो हे सशावर कसं कळणार? म्हशीचा माज, गाईचा कासदाह, मेंढीचं विणं यांना पर्यायी प्राणी नाही. इथे जनावर कुणाच्या बदली उभं नसतं, प्रश्न त्याचाच असतो आणि उत्तराचा फायदा झालाच तर त्याच्याच जातीला होतो. शेतीच्या जनावरांवरचं संशोधन वेगळं पडतं ते इथे. आणि म्हणूनच १९५९मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, ही गोठ्यात फार थोडी लागू पडते. उरतात दोन. कमी प्राणी वापरा आणि कमी त्रास द्या.

युरोपने रेघ आणखी वेगळी ओढली आहे. तिथल्या २०१०च्या निर्देशानुसार सुई टोचण्याइतकी किंवा त्याहून जास्त वेदना होणार असेल तर ती 'प्रक्रिया', तिला परवानगी हवी. त्याहून कमी असेल तर नको. मोजायला सोपी आणि लोकांना कळणारी पट्टी. पण नेहमीची शेतीची कामं त्यातूनही वगळली आहेत. वासराच्या शिंगांच्या कळ्या तापल्या लोखंडाने जाळणं शेतावर केलं तर ते शेतीचं काम, त्यासाठी या निर्देशाची परवानगी नको. तेच 'जाळण्याच्या दोन पद्धतींची तुलना' म्हणून केलं तर प्रयोग. वासरू तेच, डाग तोच.

कमी प्राणी वापरणं म्हणजे काय, याचं सर्वांत कठोर उदाहरण लाळ्या-खुरकुताच्या लसीचं आहे. ज्याने या रोगाची साथ पाहिली त्याला लस किती मोलाची हे सांगायला नको. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत फोड, जनावर गव्हाणीपाशी उभं पण खाता येत नाही. लसीचा दर्जा तपासण्याची आंतरराष्ट्रीय रीत अशी, की गुरांचे तीन गट करायचे, प्रत्येकात किमान पाच, आणि त्यांना वेगवेगळ्या मात्रेने लस द्यायची. दोन जनावरं लसीशिवाय ठेवायची. काही आठवड्यांनी सगळ्यांच्या जिभेत जिवंत विषाणू टोचायचा. मग खूर पाहायचे. लस न दिलेल्या दोघांच्या किमान तीन पायांवर फोड आलेच पाहिजेत, नाहीतर चाचणी बाद. म्हणजे त्या दोघांनी आजारी पडणं ही चाचणीची अट आहे.

याला क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ती दोन जनावरं नसती तर निकामी लस लाखो जनावरांना टोचली गेली असती आणि कळलंही नसतं. पण त्या दोघांना फोड आले हे पाहिल्यावर पुढचे दिवस त्यांना तसंच उभं ठेवायचं कारण उरत नाही. थांबण्याची जागा इथे आहे. दुसरं म्हणजे लसीच्या प्रत्येक घाण्यासाठी हे पुन्हा करायचं का? रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी आणि प्रत्यक्ष संरक्षण यांचं नातं एकदा पक्कं बसलं की पुढचे घाणे नुसतं रक्त तपासून पारखता येतात. जगभर कल त्या दिशेला आहे, आणि यात नैतिकतेइतकाच पैशाचाही वाटा आहे. विषाणू बाहेर जाऊ नये अशा बंदिस्त गोठ्यात एकेक जनावर ठेवणं भयंकर महाग पडतं.

उलटंही होतं. काटकसर म्हणून चार जनावरांवर प्रयोग करायचा, निकाल धड हो नाही धड नाही असा लागायचा, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच प्रबंधासाठी पुन्हा करायचा. आठ जनावरं गेली आणि हाती काही नाही. समितीत संख्याशास्त्र जाणणारा माणूस असणं ही दयेचीच एक सोय आहे.

त्रास कमी करायचा तर आधी तो दिसायला हवा, आणि इथे शेतीची जनावरं फसवतात. कुत्रं दुखलं तर विव्हळतं. मेंढी गप्प बसते. लांडग्यांच्या जगात कळपातली अशक्त मेंढी ओळखू आली की संपली, त्यामुळे दुखणं लपवणं तिच्या रक्तात आहे. चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पट्टी आधी उंदरांसाठी झाली, मग घोड्यांसाठी, आणि २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंढ्यांसाठी केली. डोळे बारीक होणं, गाल ताणले जाणं, कान मागे वळणं, नाकपुड्यांचा आकार बदलणं, प्रत्येकाला गुण द्यायचे. खुरसड्याने लंगडणाऱ्या मेंढीचा चेहरा आणि ठणठणीत मेंढीचा चेहरा शेजारी ठेवला की फरक कळतो. धनगराला तो फोटोशिवाय कळत होता, हे मला इथे म्हटल्यावाचून राहवत नाही. पण धनगराची नजर समितीच्या कागदावर चढत नव्हती. आता पट्टीमुळे ती चढते.

दुखणं दिसलं की औषध द्यायचं, यातही आपल्याकडे एक अनपेक्षित वळण आहे. गुरांसाठी डायक्लोफेनॅक स्वस्त आणि गुणकारी होतं. पण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. २०२३मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही गेले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित म्हणून टिकलं. युरोपातल्या एखाद्या प्रयोगाची वेदनाशमनाची योजना जशीच्या तशी उचलून आपल्या प्रस्तावात चिकटवणाऱ्याला म्हणून सांगावं लागतं, की बाबा रे, तू गाईचं पाहिलंस, गिधाडाचं राहिलं.

आता पुन्हा जुळ्यांकडे येतो, कारण नेब्रास्काची गोष्ट ऐकताना मला सारखं फलटण आठवतं.

पश्चिम महाराष्ट्रातली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात मात्र गॅरोल नावाची चिमुकली मेंढी आहे, तिला जुळी-तिळी सहज होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथे पुढे बुरुला नावाच्या मेरिनो कळपात जुळ्या-तिळ्यांचा जो गुण दिसला, त्याचं मूळ याच मेंढ्यांत असल्याचं मानलं जातं. त्या गुणाचं जनुक २००१मध्ये नेमकं सापडलं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने गॅरोलमधून हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सोबत होती. रक्ताच्या नमुन्यावरून कोणत्या मेंढीत जनुक आलं ते कळू लागलं. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली.

प्रश्न नेब्रास्कातलाच होता. जुळं झालं तर आईला दूध पुरेल का? कोकरं अशक्त निघतील का? चाऱ्याचा वरखर्च कोण करणार? पण इथे एक मोठा फरक होता. या मेंढ्या केवळ संस्थेच्या कुंपणात राहिल्या नाहीत, त्या मेंढपाळांच्या कळपात गेल्या, आणि तिथे कोकरं मरायला लागली असती तर मेंढपाळाने समितीच्या बैठकीची वाट पाहिली नसती. मेंढी लोणंदच्या बाजारात विकून तो मोकळा झाला असता. या संकरात जुळी वाढली, तिळ्यांचा भार मात्र फारसा आला नाही. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात वरचं खाद्य, जुळ्यातल्या अशक्त कोकराला बाटलीने दूध, अशा गोष्टी मेंढीबरोबरच सांगाव्या लागल्या. थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्याचं पोट त्या कोकरांवर होतं. हे सगळीकडे करता येत नाही हे मला कळतं. लसीची चाचणी मेंढपाळाच्या वाड्यावर होऊ शकत नाही. तरीही प्रस्ताव वाचताना मी मनात हा माणूस बसवून पाहतो. तो कुठे उठून गेला असता?

संस्थेच्या गोठ्यात त्याच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे वैरण टाकणारा. तो सकाळी सहाला येतो, शास्त्रज्ञ अकराला. कोणती गाय रात्री बसली नाही, कुणी आंबोण ठेवलं, कुणाचं शेण पातळ आहे, हे त्याला आधी कळतं. बहुतेक ठिकाणी तो कंत्राटावर असतो, त्याच्या नोंदीला वही नसते आणि रविवारी किंवा दिवाळीत त्याच्या जागी कोण येतं हे कुणाला ठाऊक नसतं. मी तपासनीस असतो तर आधी सुट्टीच्या दिवसांची नोंदवही मागितली असती. मंगळवारची वही सगळ्यांची छान असते.

आणि प्रयोग संपल्यावर? परदेशात या प्रश्नाचं उत्तर बहुधा कत्तलखान्यात असतं, औषधाचा अंश अंगातून जाण्याइतके दिवस थांबून. आपल्याकडे तो रस्ता नाही. महाराष्ट्रात गाई १९७६च्या कायद्यापासून आणि बैलही २०१५पासून त्यातून बाहेर आहेत. आपल्या केंद्रीय समितीने रसेल आणि बर्चच्या तीन गोष्टींत चौथी घातली ती पुनर्वसनाची, आणि प्रयोगानंतरच्या सांभाळाचा खर्च प्रयोगाच्याच अंदाजपत्रकात धरावा असं सांगितलं. उंदरासाठी हे थोडं नाटकी वाटतं. गाईसाठी ही वीस वर्षांची जबाबदारी असू शकते. अनुदान तीन वर्षांचं, विद्यार्थ्याचा प्रबंध चार वर्षांचा, प्राध्यापक साठीला निवृत्त, आणि गाय अजून आठ वर्षं जगणार.

झाकणवाली गाय तशीच असते. पहिला प्रयोग संपला, दुसरा संपला, ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते बदलून गेले. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना हात घालून दाखवायला ती बाहेर काढतात. रबर जुनं झालं की कडेने झिरपतं, तेव्हा नवीन मागवावं लागतं आणि ते कोणत्या खर्चाच्या शीर्षाखाली घालायचं यावर लेखा विभागात फाइल अडते. तोवर मामा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा कोमट पाण्याची बादली घेऊन येतात, भकाळीवरची कड पुसतात, कडुनिंबाचं तेल लावतात आणि तिची मान खाजवून पुढच्या दावणीकडे जातात.